नियम नववा: डबा रिकामा जाणार नाही

मी, जोशुआ पेणकर, राहणार पेण, आजवर कुठल्याही मशीनपुढे हरलेलो नाही! मिक्सर, इन्व्हर्टर, पलीकडच्या आळीतली पाण्याची मोटर, सगळी माझ्या हाताखालून गेली आहेत आणि बरीचशी चालूही आहेत. (जी चालू नाहीत त्यांची यादी माझ्या बायकोकडे, रेचलकडे आहे. ती मागू नका.) तेव्हा एप्रिलातल्या त्या शुक्रवारी मी छातीवर हात मारून जाहीर केलं, "काशीबाई, बघत राहा! अठ्ठेचाळीस तास पेण आणि रोहा एकमेकांशी चकार शब्द न बोलता धंदा करतील!"

"पेण आणि रोहा, न बोलता?" रेचल म्हणाली. तिचं माहेर रोह्याचं. "आपण दोघं आधी एक दुपार करून बघू या का?"

काशीबाई आमच्या शेजारी. मूळच्या गागोद्याच्या, लग्न होऊन पेणला आल्या आणि पोह्याच्या पापडांचा उद्योग उभा केला. त्यांच्या पडवीत चौदा बायका पापड लाटतात. ते पापड रोह्याचे लतीफशेठ घेतात आणि आखातात धाडतात. म्हणजे पेणचा पापड आधी दक्षिणेला रोह्याला जातो, तिथं डब्याला सील लागतं, आणि मग तो पेणवरूनच उत्तरेला बंदराकडे जातो. असं का, हे मी लतीफशेठना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "कारण गोदाम रोह्याला हाय." विषय संपला.

यंदा शारजाच्या एका मोठ्या कंपनीनं वर्षभराची ऑर्डर देऊ केली. पण अट अशी, की माल घेणारा आणि माल देणारा यांच्यातला प्रत्येक निरोप कंप्युटरनं कंप्युटरला, ठरलेल्या मानकाप्रमाणे गेला पाहिजे. त्याची परीक्षा शुक्रवारी दुपारी बारा ते रविवारी दुपारी बारा. शारजात तेव्हा तीन दिवस सुट्टी असते आणि त्यांचं मशीन मोकळं असतं. त्या वेळात काशीबाईंनी लतीफशेठना फोन करायचा नाही, लतीफशेठनी काशीबाईंना निरोप धाडायचा नाही, मशीन क्षणभरही बंद पडायचं नाही. नापास झालो तर ऑर्डर दुसऱ्या कुणाला तरी!

या ऑर्डरीच्या भरवशावर चौदा बायकांनी बाकीची कामं सोडली होती. पूजा नावाच्या मुलीनं तर पोळीभाजी केंद्रातली चांगली नोकरी सोडली. काशीबाई मला म्हणाल्या होत्या, "जोशू, ही ऑर्डर गेली तर दिवाळीनंतर माझी पडवी बंद. एवढं ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. तीन आठवडे मी मानकाचं ते जाडजूड पुस्तक वाचलं. खरं तर गोष्ट सोपी आहे हो! दोन कंपन्यांच्या कंप्युटरांना एकमेकांशी बोलायचं तर कुठल्या निरोपानंतर कुठला निरोप येणार हे आधी ठरवायचं. मागणी आली, की मागणी मान्य. मग माल निघाला. मग माल पोचला. प्रत्येक निरोपाची पोच द्यायची, आणि त्या पोचेचीही पोच द्यायची. लग्नाच्या याद्या करतात तसंच, फक्त रुसवेफुगवे नाहीत.

पुस्तकात पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: व्यवहार प्रत्यक्षात जसा चालतो तसाच मांडा. मी नियमाचा पक्का माणूस. वही घेऊन काशीबाईंसमोर बसलो.

"डबे रोह्याला जातात, त्यातले जे बंदराकडे जात नाहीत ते परत येतात का?"

"येतात ना. चांगले पत्र्याचे डबे हायत, फेकून कोन देतो?"

"रिकामे येतात?"

काशीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या देवघरात चपला घालून गेलोय. "रिकामा? कुनाचा डबा रिकामा परत करतात का रे? तुझ्या आईनं कधी केला का? लतीफशेठ खजूर घालतो, त्याची बायको रहिमाभाभी बोंबलाची चटनी घालते."

मग मी रोह्याला लतीफशेठकडे गेलो. त्यांचंही तेच. "रिकामा डबा धाडनं म्हंजे दाराशी आलेल्याला पानी न विचारनं. आनि आलं त्याहून थोडं जास्तच घालायचं असतं, बाबा."

मी लिहिलं. नियम नववा: डबा रिकामा परत जाणार नाही. नियम दहावा: आलं त्याहून थोडं जास्त जाईल. कंप्युटरला 'थोडं' कळेना, त्यानं आकडा मागितला. मी दीडपट टाकला. नियम कुणाला लागू, असा प्रश्न आला. मी मोठ्या मनानं खूण केली: दोन्ही पक्षांना.

वाचकहो, तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही हुशार आहात. माझ्या लक्षात यायला शब्बाथ सुरू व्हावा लागला.

शुक्रवारी दुपारी बाराला यंत्र सुरू झालं. एक कंप्युटर आणि प्रिंटर काशीबाईंच्या पडवीत, दुसरा संच लतीफशेठच्या गोदामात. मी दोघांकडूनही शपथ घेतली होती, की प्रिंटरमधून जी चिठ्ठी येईल ती म्हणेल तेच करायचं, शंका काढायची नाही. शारजानं मागणी केली, चाळीस डबे पापड. रोह्याच्या मशीननं पेणला कळवलं. आमच्या प्रिंटरनं घरघर करून चिठ्ठी काढली आणि चौदा बायकांनी टाळ्या वाजवल्या! लतीफशेठचा टेंपोवाला यूनुस चाळीस डबे घेऊन रोह्याला गेला. "माल पोचला" असा निरोप आला तेव्हा मी पडवीत चक्क एक गिरकी घेतली.

संध्याकाळी यूनुस परत आला. टेंपोत चार डबे. गेल्या गणपतीपासून लतीफशेठच्या गोदामात काशीबाईंचे चार जुने डबे पडून होते. नवव्या नियमानं मशीनला त्यांची आठवण झाली आणि ते खजूर भरून आले.

"बघा!" मी ओरडलो. "मशीनलासुद्धा रीतभात शिकवली मी!"

काशीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आणि तेवढ्यात प्रिंटर पुन्हा घरघरला. आलेले डबे चार. परत पाठवायचे डबे सहा. भरलेले.

"बरोबर हाय," काशीबाई म्हणाल्या, आणि चारात मिरगुंडं, दोनात वाल भरले. यूनुसला घरी जायचंच होतं, तो घेऊन गेला.

मी घरी आलो. सूर्य मावळला. रेचलनं दिवे लावले. आमच्याकडे शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत कामाला हात लावायचा नाही. कंप्युटरला नाही, फोनला नाही. पेणमध्ये आता आमची ज्यू लोकांची मोजकी घरं उरली आहेत, त्यामुळे रेचल हे सगळं जास्तच कडक पाळते. परीक्षा शनिवारी असल्याचा मला आनंदच होता. मी आराम करणार आणि मशीन राबणार! यालाच तर स्वयंचलन म्हणतात.

पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला. चाराचे सहा झाले. सहा रोह्याला गेले. तिथंही नववा नियम आहे. सहाचे नऊ होणार. नऊ इकडे येणार. नऊचे चौदा...

"एकवीस," मी पुटपुटलो. "बत्तीस. अठ्ठेचाळीस."

"शब्बाथच्या टेबलावर पाढे म्हणू नकोस," रेचल म्हणाली.

"पाढे नाहीत गो, डबे आहेत!"

शनिवारी सकाळी नऊ वाजता टेंपो आला. नऊ डबे. मी ओट्यावर हात बांधून बसलो होतो. यूनुस उतरला. त्यालाही मी शपथ घातली होती, की इकडचं तिकडे काही बोलायचं नाही.

"मी काय बोलनार नाय," तो म्हणाला. "पन बोलायचं असतं तर सांगितलं असतं, की शेठ लई खूश हाय. काशीबाईंचा जीव केवढा मोठा, असं म्हनत होता."

पडवीत काशीबाई नऊ डबे उघडून कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. शेवया, सुके जवळे, दुबईचे साबण! "लतीफशेठला काय वाटलं? मी कमी पडनार?" त्यांनी चिठ्ठी यायच्या आधीच कोकमं काढायला घेतली. चिठ्ठी आली, चौदा. "चौदाच? ठीक हाय, दाबून भरते!"

आता मला मशीन बंद करता येत नव्हतं. कुणाला बंद करायला सांगणंही शब्बाथच्या नियमात बसत नव्हतं. आडून सुचवलं तर चालावं, असं मी माझ्यापुरतं ठरवलं.

"काशीबाई," मी ओट्यावरून म्हणालो, "एखाद्या माणसाचा पाय एखाद्या वायरीत अडकला, तर काय होईल हो?"

"पडंल तो."

"तसं नाही. वायर निघेल. प्रिंटर थांबेल. आणि कुणाला दोष देता येणार नाही!"

"म्हंजे मशीन बंद पडंल आनि शारजात आपन नापास!" त्यांनी छातीला हात लावला. "बरं झालं सांगितलंस! पूजा, त्या वायरीजवळ पाट घेऊन बस गो! मुंगीला पन जाऊ देऊ नको!"

पूजा बसली. हातात लाटणं.

दुपारी एकवीस डबे आले. त्यात आखातातल्या पावडरी, अत्तरं आणि एक घडी घातलेलं वाघाच्या चित्राचं ब्लँकेट. बत्तीस गेले. त्यात पांढरे कांदे, चिंच, नारळ, आणि डबे भरेनात तेव्हा काशीबाईंच्या मालकांचे दोन स्वेटर. मालक एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, ते म्हणाले, "पेणमध्ये स्वेटर कधी लागला नाय, जाऊ दे." पापडाचं पीठ मळून पडलं होतं आणि चौदाच्या चौदा बायका डबे भरत होत्या. आळीतल्या लोकांना वाटलं, काशीबाईंच्या घरी लग्न निघालं!

"रोह्याला साखरपुडा हाय का?" कुणीतरी विचारलं.

"हाय की," यूनुस म्हणाला. "शेठच्या लेकीचा, झोयाचा, आजच! पन मी काय बोलनार नाय."

मी दिवसभरात सतरा फेऱ्या मारल्या, ओटा ते अंगण. रेचल पुस्तक वाचत होती. "तूच म्हणालास ना, मशीन राबेल आणि तू आराम करशील? मग कर की आराम!"

सूर्य मावळला आणि मी गच्चीवर धावलो. एक चांदणी! दुसरी चांदणी! तिसरी... तिसरी हलत हलत पनवेलकडे गेली आणि उतरली. विमान होतं. खरी तिसरी दिसेपर्यंत खाली टेंपोचा हॉर्न वाजला. अठ्ठेचाळीस डबे.

धावत पडवीत गेलो, पूजाला ओलांडून कंप्युटर उघडला. दोनशे बहात्तर निरोप! पोचा, पोचांच्या पोचा! नववा नियम निवडला आणि खोडायचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: नियम बदलण्यासाठी दोन्ही पक्षांची लेखी संमती आणि सात कामकाजाचे दिवस आवश्यक.

कुणी टाकली होती ही अट? मीच. पुस्तकात शिफारस होती.

"जेवून जा रे," काशीबाई यूनुसला म्हणाल्या. "पापड तळू का?"

"नको, आज पोटभर पापड झाले. साखरपुड्याला दोनशे मानसं, ताटात डोंगर पापडांचा! काय खुसखुशीत!"

मी त्याला कोपऱ्यात ओढलं. "कसले पापड?"

"तुमचेच की, शारजाचे. चिठ्ठी आली ना, रिकामे डबे कमी पडतात, शारजाचे डबे मोकळे करा. शेठनं केले मोकळे. सील तुटलेला माल बाहेरदेशी चालत नाय. मग वाया कशाला घालवायचा?"

म्हणजे शारजाला धाडायला एकही पापड उरला नव्हता. मी तिथंच एका डब्यावर बसलो. काशीबाई आत वाघाचं ब्लँकेट सगळ्यांना दाखवत होत्या, त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. प्रिंटरनं आणखी एक चिठ्ठी काढली. परत पाठवायचे डबे: बहात्तर.

रविवारी सकाळी बहात्तर डबे भरून टेंपो निघाला. शारजाच्या कंपनीची प्रतिनिधी, हुमेरा, बाराला रोह्याच्या गोदामात येणार होती आणि काशीबाईंना तिच्यासमोर हजर राहायचं होतं. पुढच्या सीटवर यूनुस, काशीबाई आणि मधे मी. नागोठणं गेलं. निडी स्टेशनजवळ आलो आणि मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. नववा नियम, दहावा नियम, दीडपट, साखरपुडा.

काशीबाईंनी मागच्या डब्यांकडे वळून पाहिलं. यूनुसनं गाडी हळू केली.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "लतीफशेठ मनानं पाठवत नव्हता?"

"नाही हो. मशीन सांगत होतं."

"ते ब्लँकेट पन?"

"ते... ते मनानं असेल. मशीन फक्त डबे सांगतं, आत काय घालायचं ते सांगत नाही."

मग त्यांचे डोळे भरून आले. "जोशू, त्या पोरीनं नोकरी सोडली रे. चौदा जनींना मी काय तोंड दाखवू? मला पापडातलं कळतं, तुझ्या मशीनमधलं काय कळत नाय. तू सांगितलंस तसं केलं."

मला वाटलं, टेंपोतून उतरावं आणि निडी स्टेशनवर जन्मभर बसून राहावं. "चुकलो, काशीबाई," एवढंच मी म्हणालो. खरंच चुकलो होतो.

रोह्याला गोदामाच्या दारात लतीफशेठ उभे होते. काशीबाईंना बघून त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. बाराला अजून दहा मिनिटं होती, बोलायची बंदी! दोघं समोरासमोर उभे राहून नुसते हातवारे करत होते. लतीफशेठनी बहात्तर डब्यांकडे बोट दाखवलं, काशीबाईंनी माझ्याकडे दाखवलं. त्यांनी रिकाम्या कोपऱ्याकडे दाखवलं, यांनी परत माझ्याकडे दाखवलं.

बाराच्या ठोक्याला लतीफशेठनी स्वतःच्या हातानं वायर उपटली. "काशीबाई! स्वेटर कशाला धाडलेत?"

हुमेरा खुर्चीवर बसून टॅबलेटवर काहीतरी भरत होती. पंचविशीतली, म्हसळ्याकडची, चेहऱ्यावर रेषा हलत नाही. मी पुढे झालो. सगळा दोष माझा आहे, पापड संपले आहेत, काशीबाईंना शिक्षा देऊ नका, असं सगळं एका दमात सांगणार होतो.

"मॅडम..."

"एक मिनिट." तिनं बोट वर केलं. "एकूण निरोप तीनशे अठरा. क्रमानं आलेले तीनशे अठरा. पोच मिळालेले तीनशे अठरा. त्रुटी शून्य." तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "मी पाच जिल्ह्यांत परीक्षा घेतल्या. मोठे मोठे कारखाने बारा निरोप पाठवतात आणि त्यात चार चुका करतात. तुम्ही दोन दिवसांत तीनशे अठरा! एवढी उलाढाल हाय तुमची?"

"हाय," लतीफशेठ म्हणाले. शपथेवर सांगतो, पापणी लवली नाही.

"पास!"

काशीबाईंनी माझा दंड असा पकडला, की अजून वळ आहे. "आनि माल? माल बघनार नाय?"

"माल बघायचं माझ्या फॉर्ममध्ये नाय, काकी," हुमेरा म्हणाली. "चाळीस डबे वीस दिवसांत बंदरावर द्या. मग दर महिन्याला चाळीस."

मग काय जल्लोष! लतीफशेठ हसत सुटले, यूनुस दोन दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बोलू लागला, काशीबाईंनी पूजाला फोन लावला आणि दोघी फोनवर नुसत्याच ओरडत राहिल्या. रहिमाभाभींनी सगळ्यांना बसवून जेवायला वाढलं. हुमेरा म्हणाली, पापड नाही का? रहिमाभाभींनी तिला आणखी भात वाढला.

मी परतीच्या वाटेवर हवेत होतो. त्रुटी शून्य! माझी छाती पुन्हा इतकी फुगली, की काशीबाईंना बसायला जागा उरेना. पेण आलं. पडवीत चौदा बायका उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे पिठाचा गोळा होता. चाळीस डबे, वीस दिवस, आणि मागचे दोन दिवस डबे भरण्यातच गेलेले.

"चौदा जनींनी होनार नाय," काशीबाई म्हणाल्या. "पंधरावी लागंल." आणि त्यांनी पोळपाट माझ्यापुढे सरकवला.

आज आठवा दिवस. माझी पाठ गेली आहे, बोटांची सालपटं निघाली आहेत, रेचल येता जाता फोटो काढते आहे. पापड लाटण्याचं अजून कुठलंही मानक निघालेलं नाही, मी शोधून पाहिलं. तपासणी काशीबाई स्वतः करतात, पापड उजेडाकडे धरून. काल संध्याकाळी त्यांनी माझे तपासले. एकूण पापड पन्नास. त्रुटी पन्नास.